मिस मार्व्हल: पोशाख अम्मीने शिवला, खलनायक कुणी शिवला?

‘मिस मार्व्हल’ या मालिकेच्या पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. कमला खान नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला सुपरहिरोंच्या मेळाव्याला जायचंय. संध्याकाळची वेळ, बरोबर मित्र, त्यामुळे घरात बराच खल होतो. शेवटी आईबाप परवानगी देतात, पण अट घालून: अब्बू बरोबर येणार. आणि अब्बू समोर येतात ते तोंडाला हिरवा रंग फासून, हल्क नावाच्या हिरव्या, धिप्पाड सुपरहिरोच्या थाटाचा सलवार-कमीज घालून. मुलीसाठीही तसाच एक तयार. मोठा हल्क आणि छोटा हल्क. कमलाचं तोंड एवढंसं होतं. असलं काही घालून मी चारचौघांत जाणार नाही म्हणते, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून नको ते निघतं. बापाचा रंगवलेला चेहरा पडतो तो रंगाखालूनही दिसतो.

मी रिमोट घेऊन तेवढा प्रसंग मागे नेला. माझं मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या गल्लीत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शरारा, निकाहचे जोडे, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचे कपडे. सुपरहिरोही शिवलेत. स्पायडरमॅनला मागणी सगळ्यात जास्त आणि तापही त्याचाच जास्त, कारण त्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला साधी सुई चालत नाही. बॉलपॉइंट सुई लागते, नाहीतर मध्येच टाके सुटत जातात आणि पोराने स्टेजवर हात वर केला की काखेत उसवलंच. आईने हौसेने शिवून घ्यायचं आणि लेकराने घालायला नकार द्यायचा, हे नाटक माझ्या ट्रायलच्या पडद्याआड बारा महिने चालू असतं. अमेरिकेतल्या मार्व्हलसारख्या एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालिकेत ते बघायला मिळेल असं काही वाटलं नव्हतं.

मालिका नवी नाही. ‘मिस मार्व्हल’चे सहा भाग ८ जून ते १३ जुलै २०२२ या काळात दर बुधवारी एक असे आले, आता जिओहॉटस्टारवर आहेत. माझी थोरली अकरावीला आहे, तिच्या हट्टाखातर आम्ही बघितले, दुकान बंद करून, जेवणं उरकून. मार्व्हलचं आधीचं मला काही ठाऊक नव्हतं. कोण कुठल्या ग्रहावरून आलं, कुणी कुणाला मारलं, सगळं डोक्यावरून. तरी अडलं काहीच नाही. कमला कॅप्टन मार्व्हल नावाच्या बाई सुपरहिरोची भक्त आहे, तिच्यावर व्हिडिओ बनवते, वहीत चित्रं काढते, एवढं कळलं की गाडी सुरू होते.

गोष्ट थोडक्यात सांगते. न्यू जर्सीतलं जर्सी सिटी. पाकिस्तानातून आलेलं घर: अब्बू युसुफ, अम्मी मुनीबा, जरा जास्तच धार्मिक झालेला भाऊ आमिर, आणि त्याच्या लग्नाची गडबड. नानीने कराचीहून पाठवलेल्या सामानात एक जुनं कडं निघतं. अम्मी त्याला अडगळ म्हणते आणि माळ्यावर टाकायला लावते. कमला ते आपल्या वेशाला शोभेल म्हणून हातात चढवते आणि तिच्या हातातून प्रकाशाचे घट्ट तुकडे निघायला लागतात. त्यांवर पाय ठेवून हवेत चालता येतं, त्यांचा खाटेएवढा पंजा करता येतो. पुढे कडं कुणाचं, ते नानीकडे कसं आलं, आणि ते मिळवायला टपलेली माणसं कोण, असं ते चालतं.

कमलाचं काम करणारी इमान वेलानी २००२ साली कराचीत जन्मलेली, वाढलेली कॅनडात, आणि पडद्यावरचं हे तिचं पहिलंच काम. पोरगी भारी आहे. धावताना हातपाय कुठे ठेवावेत हे तिला कळत नाही आणि आवडता मुलगा समोर आला की डोळे कुठे ठेवावेत हे कळत नाही. असलं अवघडलेपण ठरवून आणता येत नाही. आईबाप दोघंही आपल्याकडचे. अम्मी झालेली झेनोबिया श्रॉफ मुंबईची पारशी, आणि अब्बू झालेला मोहन कपूर, म्हणजे नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर ‘साप सीढी’चा खेळ घ्यायचा तो. मी त्याला आवाजावरून ओळखलं तेव्हा थोरलीला काही पत्ता लागेना की मी एवढी का ओरडले.

या घरात काय चाललंय ते बघायला मी पुढचे भाग लावले, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे पडद्यावर मुसलमान घर आलं की दोन मिनिटांत कुणीतरी शेर म्हणतं, नाहीतर कुणीतरी बंदूक काढतं, नाहीतर मागे अजान सुरू होऊन खिडकीत कबुतरं उडतात. इथे नाश्त्याच्या टेबलावर कटकट चालते. मुलगी गाडी चालवायच्या परीक्षेत नापास झाली म्हणून आईबाप परीक्षा घेणाऱ्याशीच वाद घालतात. लग्नाच्या खरेदीत दुसऱ्यांच्या मुलींच्या गोष्टी निघतात. दुसऱ्या भागातल्या ईदच्या मेळ्यात कमला आणि तिची मैत्रीण नाकिया गर्दीतले गट ओळखत फिरतात, आणि त्यात सगळ्यांची खबर ठेवणाऱ्या बायकांचा एक गट आहे, त्याला या पोरींनी ‘इल्युमिन-आँटीज’ नाव ठेवलंय. आमच्या गल्लीत त्या गटाची शाखा आहे. कोण ते लिहीत नाही, सगळ्या माझ्याकडेच ब्लाउज टाकतात.

याच नाकियाला मशिदीतल्या बायकांच्या भागाची आबाळ खटकते, तिच्या महागड्या चपला चोरीला जातात, आणि ती मशिदीच्या कमिटीच्या निवडणुकीला उभी राहते. आमच्या मोहल्ल्यात बायका नमाज घरीच पढतात, त्यामुळे निवडणुकीचा भाग मला नवलाचा. चपला जाणं मात्र पाठ आहे. मशीद असो, मंदिर असो, लग्नाचा हॉल असो, नवी चप्पल बाहेर ठेवून आत कुणाचं मन लागलंय?

सुरुवातीच्या भागांची मांडणीही गंमतशीर आहे. कमला आणि तिचा मित्र ब्रूनो बोलत रस्त्याने चालले की मागच्या भिंतीवरची चित्रं हलायला लागतात, मोबाइलवरचे मेसेज दुकानांच्या पाट्यांत, रस्त्यावर उमटतात. पुढे पुढे हे सगळं आटतं. का आटावं कळत नाही. पैसे संपले की दिग्दर्शक बदलले म्हणून? दिग्दर्शक खरंच बदलतात: पहिला आणि शेवटचा भाग आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह या जोडीचा, मधले मीरा मेननचे, आणि कराचीचे दोन शर्मीन ओबेद-चिनॉयचे, जिला माहितीपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळालंय. प्रत्येकाचा हात वेगळा, आणि ते कळतं.

आता कॉमिकबद्दल, कारण थोरलीचं आणि माझं यावरून वाजलं. ही कमला खान कॉमिकमध्ये २०१३ साली पहिल्यांदा डोकावली आणि २०१४ पासून तिचं स्वतःचं मासिक निघालं. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रं एड्रियन अल्फोना यांची. पहिल्या खंडाला २०१५ साली ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. त्या कमलाकडे कडं नाही. तिचं अंगच ताणलं जातं: हात हवा तेवढा लांब, मूठ हवी तेवढी मोठी, आणि हवं तेव्हा सगळी छोटी. मालिकेने ते काढून प्रकाशाचे तुकडे दिले. थोरली म्हणते छान दिसतं, आणि कड्यामुळे नानीपर्यंत गोष्ट जाते. ते खरंच आहे, गोष्टीला कडं लागतंच.

पण मी रोज मुलींची मापं घेते. पंधरा-सोळाच्या मुली टेपसमोर कशा उभ्या राहतात ते या मालिकावाल्यांनी येऊन बघावं. खांदे आत, मान खाली, दोन्ही हात पोटावर. ‘सरळ उभी राहा गं’ म्हटलं की श्वास आत ओढून धरतात, म्हणजे छातीचं माप चुकतं, कंबरेचं चुकतं, आणि आठ दिवसांनी ड्रेस घट्ट होतो म्हणून परत येतात. एकीने एकदा मला हळूच सांगितलं, वहीत माप दोन इंच कमी लिहा, अम्मीला दिसतं. मी वहीत तिच्या मनासारखं लिहिलं आणि कापड खऱ्या मापाने कापलं. अशा मुलींसमोर जिचं अंग तिला विचारून मोठं आणि छोटं होतं अशी एक पोरगी आली असती, तर काही वेगळंच घडलं असतं. कॉमिकमध्ये तिचा पहिला पोशाखही तिच्या बुर्किनीतून, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या कपड्यातून केलेला आहे. ही युक्ती कुठल्या तरी शिवणाऱ्या बाईलाच सुचल्यासारखी आहे: ताणणारं कापड, आधीच बेतलेलं, घरात पडून असलेलं. ते मालिकेत यायला हवं होतं.

खलनायकांकडे येते, आणि इथे मला राग आहे. नजमा नावाची एक बाई आणि तिची टोळी दुसऱ्या कुठल्या तरी जगातून इथे येऊन अडकलीय, आणि परत जायला त्यांना कडं हवंय. तिसऱ्या भागात ही नजमा कमलाशी इतकं गोड बोलते की मलाच वाटलं, देऊन टाक बाई तिला. मुलगी म्हणते जरा थांबा, विचार करू दे. झालं! तेवढ्यावरून ही टोळी आमिरच्या लग्नात घुसून मारामारी करते. शेकडो माणसं, स्टेजवर नाच रंगात आलेला, बाप खुशीत, आणि या मंडळींना चार दिवस कळ निघत नाही. चौथ्या भागात तुरुंगातून पळताना ही बाई स्वतःच्या मुलाला मागे टाकून जाते. पाचव्यात मिनिटभरात तिचं मन बदलतं आणि ती मरते. आपण डोळ्यातून पाणी काढावं अशी अपेक्षा आहे. कच्च्या टाक्यावरच इस्त्री मारून गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला ब्लाउज आहे हा. हँगरवर दिसतो बरा, अंगात घातला की बाही हातात येते.

त्यांच्या मागे लागलेलं ते सरकारी खातं, डॅमेज कंट्रोल, त्याचंही तसंच. मशिदीत बूट घालून घुसायचं, मुलांवर ड्रोन सोडायचे, एवढंच त्यांना काम. पुढे सरकू.

चौथ्या भागात मायलेकी कराचीला जातात. कराची म्हणून दाखवलेल्या बऱ्याच गल्ल्या थायलंडमध्ये चित्रित केल्या आहेत, आणि मला ते आधी ठाऊक नसतानाही गर्दीतल्या माणसांचे कपडे खटकले होते. सगळे पहिल्या घडीचे. ज्या शहरात माणसं रिक्षा चालवतात, भाजी विकतात, त्या शहरात कुणाच्या कमीजची कॉलर तरी विरलेली दिसेल की नाही? पाठलाग लांबलचक आहे, तेवढ्यात चहा करून घ्या. फरहान अख्तर येतो, वलीद नावाचा जाणता माणूस म्हणून, कमलाला एक निळी बंडी देतो, तिच्या धाग्याधाग्यात इतिहास विणलाय अशा अर्थाचं बोलतो, आणि त्याच भागात मरतो. एवढ्यासाठी त्याला मुंबईहून बोलावलं? पण बंडी लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येते.

या भागात खरी जागा नानीची आहे. समीना अहमद ही पाकिस्तानातली जुनी जाणती नटी नानी झालीय. फाळणीत ती लहान होती. ती नातीला सांगते की पासपोर्ट माझा पाकिस्तानचा, मुळं हिंदुस्थानात, आणि मध्ये रक्ताने आखलेली एक रेघ. आवाज चढवत नाही, चित्रं काढता काढता बोलते.

आमच्या घरातून तिकडे कुणी गेलं नाही. अम्माचं माहेर तासगावचं, सासर मिरजेचं, कबरी सगळ्या इथल्या. तरी पाकिस्तानची मॅच असली की कुणी ना कुणी मलाच स्कोअर विचारतं, ते सोडा. फाळणी म्हटलं की मला वळिवडे आठवतं. मी माल भरायला गांधीनगरला जाते. मिरजेहून कोल्हापूरची पॅसेंजर धरायची, वळिवड्याला उतरायचं. अस्तर, लेस, नेट, सॅटिन, सगळं घाऊक दरात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, तिथे पोलंडहून परागंदा झालेल्या माणसांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसांची, बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपलं, ती पांगली, आणि फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच छावणीत राहायला आली. हा अख्खा कापडबाजार त्यांनी उभा केलाय.

ज्या शेठकडून मी अस्तर घेते त्यांच्या गल्ल्यामागे फ्रेम करून लावलेली एक जुनी पावती आहे. आजोबांच्या दुकानाची, तिकडची. त्यावरचं सिंधी घरात आता कुणालाच वाचता येत नाही. मला मदरशात शिकलेली अक्षरं जेमतेम येतात. अस्तराचे तागे मोजून होईपर्यंत मी उभ्या उभ्या बघत होते, आणि एक शब्द लागला: कराची. मी तो मोठ्याने वाचला तर शेठने हातातली मीटरपट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, ताई, अजून काही लागतंय का बघा. पुढचं काही लागलं नाही, सिंधीत चार-चार ठिपक्यांची अक्षरं असतात ती मला कुठली यायला. त्या दिवशी त्यांनी मला अस्तर मीटरमागे दोन रुपये कमी लावून दिलं.

म्हणून पाचवा भाग सुरू झाला तेव्हा मी सावध होते. म्हटलं, आता हे फाळणीचं काय करतात बघू. जादूचं कडं आणि १९४७ची गाडी एका ताटात वाढायची म्हणजे धाडसच. भाग आधी १९४२ला जातो. कमलाची पणजी आयेशा आणि गुलाबाची शेती करणारा हसन. मेहविश हयात आणि फवाद खान. फवाद खान आल्यावर थोरली माझ्याकडे बघत होती, मी टीव्हीकडे. त्यांचं जमणं, घर, लेक, सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकलंय. आणखी थोडं चाललं असतं, कुणाची तक्रार नव्हती. मग स्टेशन येतं. कराचीला जाणारी गाडी, डब्यांच्या टपावर माणसं, फलाटावर बोचकी, आणि कड्याच्या जादूने तिथे जाऊन पडलेली कमला त्या गलबल्यातून धावतेय. तिच्या कानावर वेगवेगळ्या माणसांचे तुकडे पडत जातात: कुणी मागे राहतंय, कुणी घर सोडवत नाही म्हणून रडतंय, कुणी कुणाला समजावतंय.

आणि इथे या लोकांनी शहाणपणा केला. कमला फाळणी थांबवत नाही. दंगल आवरत नाही, गाडी उचलत नाही. गर्दीत बापाचा हात सुटलेली एक लहान मुलगी आहे, तिच्या पायासमोर प्रकाशाचे छोटे तुकडे टाकत जाते, आणि ती मुलगी त्यांवरून चालत बापापर्यंत पोहोचते. ती मुलगी म्हणजे नानी. लहानपणी मी ताऱ्यांच्या मागे चालत आले, ही घरात ऐकत आलेली कहाणी खरी निघते. संकट आहे तेवढंच राहतं, एका लेकराला बापाचा हात मिळतो. मार्व्हलवाल्यांच्या हातात एवढी ताकद असताना त्यांनी ती इतकी बेताने वापरली याचं मला कौतुक आहे. याच भागाच्या उरलेल्या वेळात नजमाचं मघाशी सांगितलेलं मरण उरकतं. ते विसरून जा.

शेवटच्या भागात अम्मी एक खोका आणून ठेवते, आणि त्यात पोशाख. निळी कुर्ती, लाल बाह्या, लाल ओढणी, पोटावर सोनेरी वीज. एव्हाना त्यातली एकेक वस्तू आपण येताना बघितलेली असते. डोळ्यावरची पट्टी ब्रूनोने करून दिलेली. निळी बंडी वलीदची. ओढणी कराचीतल्या करीमने दिलेला रुमाल. विजेची खूण कमलाच्या नावाच्या तुटलेल्या पेंडंटवरून आलेली. आणि हातात पणजीचं कडं. मालिकेची वेशभूषा अर्जुन भसीन यांची आहे, आणि हे त्यांचं डोकं की लेखिका बिशा के. अली यांचं, पण इतक्या माणसांच्या हातून आलेला सुपरहिरोचा पोशाख बघून मला फार बरं वाटलं. बाकीच्यांना कोट्यधीश मित्र आणि प्रयोगशाळा लागते.

थोरलीने विचारलं, अम्मीने माप कधी घेतलं गं तिचं? मी म्हटलं, कपाटातून जुना कमीज काढला असेल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया मुलीला आणतच नाहीत, मापाचा ड्रेस आणतात. वर सांगतात, खांदा हाच ठेवा, छातीला अर्धा इंच सोडा, उंची वाढलीय, खाली दोन इंच दाबून ठेवा. मुलीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. पहिल्या भागात तो हिरवा हल्क नाकारलेली मुलगी इथे अम्मीने दिलेलं मुकाट्याने अंगात घालते, आणि त्यावर कुणी भाषण करत नाही. झेनोबिया श्रॉफ नुसती बघते. ट्रायलच्या पडद्याबाहेर उभ्या आया बघतात तशीच.

नंतरची शाळेतली मारामारी लांबली आहे. मुलांनी रचलेले सापळे मजेशीर, पण मोठ्यांच्या हातात बंदुका असताना ती मजा फार वेळ टिकत नाही. शेवटी मोहल्ला रस्त्यावर उतरून पोरीला पाठीशी घालतो ते मात्र जमलंय. मग ब्रूनो तिच्या रक्तात काहीतरी वेगळं आहे असं सांगतो, थोरलीच्या ओळखीची एक धून वाजते, ती सोफ्यावरून उठून उभी राहते, मला काही कळत नाही. त्याच्यापुढचं बघायचं तर २०२३चा सिनेमा आहे, त्यात ही तीन बायांपैकी एक. या मालिकेचा दुसरा सीझन निघालेला नाही.

हिंदीत बघू नका, एवढं माझं ऐका. हिंदी डबिंग वाईट आहे म्हणून नव्हे. मूळ मालिकेत घरातली माणसं इंग्रजी बोलता बोलता मध्येच उर्दूवर येतात, चिडली की, लाडात आली की, लेकरापासून काही लपवायचं असलं की. आमच्याही घरात मराठी आणि आमची मिरजेची हिंदी अशीच एकमेकींत घुसते. सगळेच हिंदी बोलायला लागले की अब्बू आणि पोलीस एका सुरात बोलतात. इंग्रजी ठेवा, खाली अक्षरं लावा. दहा-बारा वर्षांच्या पोरांना खुशाल दाखवा. फक्त पाचव्या भागाला त्यांच्याजवळ बसा, कारण ती विचारतील की ही माणसं गाडीत का चढताहेत. वेळ नसेल तर पहिले दोन आणि पाचवा बघा, सहाव्यातलं ते खोक्याचं बघा.

पोशाखात एकच दुरुस्ती सुचवते. एवढी धावणारी, उड्या मारणारी पोरगी, आणि ओढणी मोकळी? एखाद्याने मागून धरून ओढली की संपलं. मी असते तर खांद्यावर आतून दोन प्रेसची बटणं लावली असती: ओढली की सुटून हातात येईल, नाहीतर जागची हलणार नाही.